अंतोनियो दे तोर्रेस : एका गिटारमेकरच्या दोन कारकिर्दी

1870 च्या सुमारास अंतोनियो दे तोर्रेसने स्पेनमधल्या सेव्हिया शहरातलं गिटारीचं दुकान बंद केलं आणि तो आपल्या मूळ मुलखात, आल्मेरियाला परतला. तिथे कायये रेआल या रस्त्यावर त्याने आणि त्याच्या बायकोने चिनी मातीच्या आणि काचेच्या भांड्यांचं दुकान थाटलं. तेव्हा तो पन्नाशी ओलांडून गेलेला होता. बारा वर्षांपूर्वी, 1858 मध्ये, सेव्हियाच्या प्रदर्शनात त्याच्या गिटारीला कांस्यपदक मिळालं होतं. हुलियान आर्कास हा त्या काळचा आघाडीचा वादक त्याच्याच गिटारीवर मैफली करत होता. आणि आदल्याच वर्षी फ्रान्सिस्को तार्रेगा या सोळा-सतरा वर्षांच्या पोराने त्याच्याकडून गिटार नेली होती. पुढे हाच तार्रेगा आधुनिक शास्त्रीय गिटारवादनाचा पाया घालणार होता.

आज कोणत्याही वाद्यांच्या दुकानात नायलॉनच्या तारांची गिटार मागितली, तर हातात येते ती बहुतांशी तोर्रेसने पक्की केलेली रचना. अशा माणसाला बश्या विकायची वेळ का आली, हा या प्रकरणाचा प्रश्न. आमचं म्हणणं असं की त्याची गिटार ज्या कारणाने चांगली झाली, त्याच कारणाने त्याचा धंदा वाढू शकला नाही. ते कारण वाद्याच्या आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी आहे, म्हणून आधी वाद्य उघडून पाहावं लागेल.

सुतार ते गिटारमेकर

तोर्रेसचा जन्म 13 जून 1817 चा, आल्मेरियाजवळच्या ला कान्यादा दे सान उर्बानो या वस्तीतला. वडील करवसुलीच्या कामावर. बाराव्या वर्षी तो सुतारकामाला लागला. 1835 मध्ये लग्न झालं. मुली झाल्या, त्यातल्या दोन गेल्या. 1845 मध्ये पत्नी हुआना मारिया क्षयाने वारली. डोक्यावर कर्ज होतं. सेव्हियात त्याचं बस्तान बसलं ते या सगळ्या काळात. गिटारमेकर म्हणून त्याचं काम 1850 च्या दशकात नावारूपाला आलं, म्हणजे पस्तिशीनंतर. दहा वर्षांच्या पोराला बाकाशी बसवण्याची जिथे रीत होती, त्या धंद्यात हा फार उशीर म्हणायचा.

हा उशीर त्याच्या पथ्यावर पडला असं आम्हाला वाटतं. सुतारकामात मुरलेला हात आणि डोक्यावर गिटारीच्या कुठल्याही घराण्याचं ओझं नाही, असा माणूस मोजमापं नव्याने ठरवायला मोकळा असतो. त्यात आर्कासची गाठ पडली. आर्कास मूळचा आल्मेरिया प्रांतातलाच. काय ऐकू येतं आणि काय येत नाही हे मोठ्या दालनात वाजवणारा माणूसच सांगू शकतो, आणि तोर्रेसला असा माणूस सुरुवातीलाच लाभला. 1856 ची ‘ला लेओना’, म्हणजे सिंहीण, ही गिटार आर्कासच्या मैफलींत गाजली.

त्याने काय शोधलं आणि काय नाही

वरच्या फळीला आतून चिकटवलेल्या, पंख्याच्या काड्यांसारख्या पसरणाऱ्या पट्ट्या तोर्रेसने शोधून काढल्या, हे विधान सरसकट केलं जातं. ते चूक आहे. अठराव्या शतकात सेव्हियाच्या फ्रान्सिस्को सांगिनोने अशा पट्ट्या वापरल्या होत्या. कादिसच्या हुआन पाहेस आणि होसेफ बेनेदिद यांच्या गिटारींतही त्या दिसतात. लंडनमधला लुई पानोर्मो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘स्पॅनिश पद्धतीची’ म्हणून पंख्याच्या पट्ट्यांच्याच गिटारी विकत होता.

तोर्रेसचं काम प्रमाणांचं. त्याने देह मोठा केला, विशेषतः खालचा भाग. त्याच्या मोठ्या मापाच्या गिटारींची खालची रुंदी साधारण 360 मिमी भरते. तारेची लांबी 650 मिमी धरली. तबली, म्हणजे वरची पातळ फळी, आधीच्या गिटारींपेक्षा पातळ केली आणि तिला किंचित घुमटाकार फुगवटा दिला. खाली सात पट्ट्यांचा पंखा बसवला आणि पंख्याच्या तळाशी दोन तिरक्या पट्ट्या टाकून तो बंद केला. यातली एकेक गोष्ट सुटी पाहिली तर नवी नाही. पण मोठी तबली पातळ केली की ती खचते, घुमट दिला की तीच तबली कमी लाकडात भार पेलते, आणि पट्ट्या पसरून दिल्या की तो भार एका जागी साचत नाही. म्हणून या तिन्ही गोष्टी एकदमच कराव्या लागतात. एकच उचलली तर वाद्य बिघडतं, आणि त्याच्या नकला करणाऱ्या बऱ्याच जणांचं नेमकं हेच झालं.

तबली

खरं काम इथे आहे, त्यामुळे जरा थांबू.

तबलीचं लाकूड युरोपीय स्प्रूस. ओंडका चिरताना फळीच्या जाडीत रेषा उभ्या याव्यात असा चिरायचा. एकच फळी मधोमध उघडून दोन पानं पुस्तकासारखी शेजारी ठेवायची आणि मधल्या रेषेवर सरसाने जोडायची. प्रत्येक पान साधारण 200 मिमी रुंद. सांधा रंध्याने इतका सरळ करायचा की दोन्ही पानं खिडकीसमोर धरली तर फटीतून उजेड दिसता कामा नये. सरसात फट भरून काढायची ताकद नसते, त्यामुळे सांधा चुकला तर कितीही दाब दिला तरी दोन-चार वर्षांत उकलतो.

आता जाडी. तोर्रेसच्या गिटारींत तबली मधे साधारण 2.5 मिमी आणि कडेला 1.4 मिमीपर्यंत उतरलेली आढळते. गिटारीगणिक हा आकडा बदलतो, आणि तो बदल हेतुपुरस्सर आहे. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. 2.5 मिमीची फळी 2.3 वर आणली की वजन 8 टक्के घटतं, पण ताठपणा 22 टक्के जातो. पट्ट्यांचंही तसंच. 4 मिमी उंचीची पट्टी 3.5 वर आली की तिचा जवळजवळ एक तृतीयांश ताठपणा गेला. रंध्याचे दोन हात जास्त पडले तर वाद्याचा स्वभाव बदलतो, आणि काढलेलं लाकूड परत लावता येत नाही.

चूक दोन्ही बाजूंनी होते. तबली जाड राहिली तर गिटार पहिल्या दिवसापासून मुकी. वाजवणाऱ्याला आवाज येतो, दहा ओळी मागे बसलेल्याला येत नाही. तबली फार पातळ झाली तर सुरुवातीला आवाज मोठा आणि भरघोस, आणि गिऱ्हाईक खूश. मग वर्षा-दोन वर्षांत घोडीच्या, म्हणजे तबलीवर तारा जिथे बांधतात त्या लाकडाच्या, पुढचा भाग खचतो, मागचा फुगतो, घोडी पुढे झुकते आणि तारांची उंची बिघडते. सहा तारांचा एकूण ताण आजच्या नायलॉन संचात 40 किलोच्या आसपास असतो. तोर्रेसच्या काळी वरच्या तीन तारा आतड्याच्या आणि खालच्या तीन रेशमावर धातूची तार गुंडाळलेल्या असायच्या. तो भार काढला न जाता वर्षानुवर्षं घोडीवर तसाच राहतो.

या दोन चुकांच्या मधली जागा लाकडागणिक वेगळी असते. एकाच झाडाच्या दोन फळ्यांत ताठपणाचा फरक हाताला जाणवण्याइतका पडतो. म्हणून 2.5 हा आकडा लिहून ठेवून काही साधत नाही. फळी आडवी आणि उभी वाकवून पाहायची, पुन्हा चार हात रंधा मारायचा, पुन्हा वाकवायची. तोर्रेसच्या म्हातारपणी हुआन मार्तिनेस सिर्वेंत हा त्याच्या कामात मदत करायचा. पुढे तो धर्मगुरू झाला. त्याने 1931 मध्ये एका पत्रात आठवण लिहून ठेवली आहे. लोक गिटारीचं गुपित विचारायचे तेव्हा तोर्रेस सांगायचा की ते अंगठा आणि तर्जनीच्या टोकांत आहे, तबली बरोबर झाली की नाही हे बोटंच डोक्याला कळवतात, आणि ते आपल्याबरोबर थडग्यात जाणार. ही बढाई समजू नये. त्या काळचे गिटारमेकर ताठपणा बोटांनीच पारखत.

जोडणी

स्पॅनिश पद्धतीत गिटार पालथी घालून, तबली खाली ठेवून बांधतात. त्यासाठी सोलेरा हा पाट लागतो. गिटारीच्या आकाराची जाड फळी, आणि खालच्या भागात तिला 2 ते 3 मिमी खोल बशीसारखा खोलगट भाग. पंख्याच्या पट्ट्या सरस लावून तबलीवर ठेवायच्या आणि तबलीसकट या खोलगट भागात दाबायच्या. सरस आळला की घुमट कायम होतो. सपाट पाटावर पट्ट्या चिकटवून नंतर घुमट आणू पाहणारे सगळे फसतात, कारण पट्टी सरळ व्हायला बघते आणि तबली तिच्यामागे ओढली जाते.

दांडी देवदारासारख्या हलक्या ‘स्पॅनिश सीडर’ची. दांडीच्या बुडख्यात दोन्ही बाजूंना खाचा कापलेल्या असतात आणि बाजूच्या वाकवलेल्या पट्ट्या थेट त्या खाचांत शिरतात. देह वेगळा बांधून दांडी मागाहून बसवायची ही रीत स्पेनची नाही. याचा फायदा म्हणजे सांधा हलका आणि पक्का. तोटा असा की दांडीचा कोन सुरुवातीलाच ठरतो आणि नंतर दुरुस्त करता येत नाही. दांडीचं डोक्याकडचं टोक तबलीच्या पातळीपेक्षा साधारण 2 मिमी पुढे यावं अशी पाटावर सोय करतात. ती विसरली तर गिटार पुरी झाल्यावर कळतं की बाराव्या पडद्यावर तार 5 मिमी वर आहे आणि घोडीवरचं हाड, ज्यावर तारा टेकतात, ते आणखी उतरवायला जागाच नाही.

बाजूच्या पट्ट्या साधारण 2 मिमी जाडीच्या, ओल्या करून तापलेल्या लोखंडी नळीवर वाकवायच्या. सायप्रस सहज वळतं. शिसवी लाकूड वेळ घेतं पण वळल्यावर आकार धरून ठेवतं. नक्षीदार रेषांचं मेपल कंबरेच्या वळणावर रेषेरेषेला तडकतं, म्हणून ते थोडं आणखी पातळ करून बाहेरून पत्र्याच्या आधाराने वळवतात. वळवलेली पट्टी पाटावरच्या आकारात हलक्या हाताने बसली पाहिजे. जबरदस्तीने दाबून बसवली तर तो ताण वाद्यात कायमचा राहतो आणि एखाद्या कोरड्या हिवाळ्यात भेग होऊन बाहेर येतो.

मग पेओनेस. तबली आणि बाजू जिथे मिळतात त्या आतल्या कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढे लाकडी ठोकळे एकेक करून, शेजारी शेजारी, सरसात बुडवून बसवायचे. एका गिटारीला शंभराच्या वर लागतात. एकेक ठोकळा बोटाने दाबून धरला की सरस अर्ध्या मिनिटात पकडतो, शिकंजा लागत नाही. सलग पट्टी वापरली तर काम लवकर होतं, पण ती वाकवून दाबावी लागते आणि पुन्हा ताण आलाच.

सरसाबद्दल एक सूचना, कारण नवशिक्यांचं निम्मं नुकसान इथे होतं. सरस थंड पाण्यात फुगवून मग पाण्याच्या कढईत 60 ते 63 अंशांवर ठेवायचा. उकळला तर ताकद जाते. सरस लावल्यावर जोडायला मिनिटभरही मिळत नाही, कारण गार लाकडावर तो लगेच थिजतो आणि वरून घट्ट दिसणारा सांधा आतून कोरडा राहतो. म्हणून दोन्ही भाग आधी गरम करून घ्यायचे. शेवटी पाठ बसवताना शिकंज्यांऐवजी सगळ्या देहाभोवती लांब दोरी आवळत गुंडाळायची, खाली पाचरी ठोकायच्या. दाब सगळीकडे सारखा पडतो.

पडद्यांचा हिशोब सोपा आहे. उरलेल्या लांबीला 17.817 ने भागायचं. 650 मिमीवर पहिला पडदा 36.48 मिमीवर येतो, बारावा बरोबर 325 वर. तार दाबली की ताणते आणि सूर चढतो, म्हणून घोडीवरचं हाड दीड-दोन मिमी मागे सरकवतात. त्यानंतर लाखेचं पॉलिश: चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापडाच्या बोळ्याने, पातळ थरांवर थर. जाड वार्निश तबलीवर वजन टाकतं. ही लाख त्या काळीही मुख्यतः हिंदुस्थानातून युरोपात जायची आणि आजही भारत तिचा मोठा पुरवठादार आहे.

पुठ्ठ्याची गिटार

1862 मध्ये तोर्रेसने एक गिटार बांधली जिची तबली स्प्रूसची, पण पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या. ती आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे, वाजवण्याच्या स्थितीत नाही.

गिऱ्हाइकाने असली वस्तू मागितली नसती. हा सरळसरळ प्रयोग होता. महागडं लाकूड पाठीला लावल्याने आवाज येतो हा समज त्याला तपासायचा होता, आणि त्यासाठी त्याने पाठीचं लाकूडच काढून टाकलं. त्यातून त्याने काढलेला निष्कर्ष त्याच्या इतर कामात दिसतो. आवाज तबलीतून येतो. त्यामुळे स्थानिक सायप्रसच्या साध्या गिटारीलाही तो ब्राझिलियन शिसवी गिटारीइतकाच पातळ आणि नेटका पंखा बसवायचा. काही साध्या गिटारींच्या पाठी तीन-चार तुकडे जोडून केलेल्या आहेत, पण तबलीकडे त्याने तिथेही हयगय केलेली नाही.

‘तोर्नाव्होस’ हा त्याचा दुसरा प्रयोग. आवाजाच्या भोकातून आत जाणारी धातूची नळी, पाठीच्या जरा अलीकडे संपणारी. भोकातला हवेचा खांब लांबला की देहातल्या हवेचा सूर खाली उतरतो आणि मंद्र स्वर भरदार होतात. ‘ला लेओना’मध्ये ती आहे. पण नळी तबलीला वजन देते, आणि बसवताना जरा सैल राहिली तर ठरावीक स्वरांना झणझणते. पुढच्या काळात ती मागे पडली. आमच्या मते ते योग्यच झालं, कारण देह मोठा केल्यावर मंद्र स्वरांची निम्मी गरज तशीच भागलेली होती.

धंद्याचा हिशोब

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. 1858 ची पदकाची गिटार पाहिली तर ती जडावकामाने मढवलेली आहे. परीक्षकाला दिसतं ते हेच. पण नेहमीच्या कामात त्याचे तास तबलीवर जात होते, आणि तिथला एकही तास गिऱ्हाइकाला दिसत नव्हता. जडाव, बाजू वाकवणं, ठोकळे बसवणं, पॉलिश ही कामं शागिर्दाला देता येतात. सेव्हियात आणि माद्रिदमध्ये तशी ती दिली जात, आणि दुकानाचा मालक आपल्या लेबलाखाली सगळी गिटार विकायचा. तोर्रेसच्या पद्धतीत वाद्याची किंमत ठरवणारं कामच दुसऱ्याच्या हाती देण्याजोगं नव्हतं. त्याचा शागिर्द म्हणून पुढे नाव काढलेला गिटारमेकर नाही.

एकट्या माणसाचं उत्पादन किती, याचा पुरावा त्याच्याच लेबलांवर मिळतो. 1875 पासून त्याने पुन्हा गिटारी बांधायला घेतल्या आणि लेबलावर ‘दुसरा काळ’ असं छापून अनुक्रमांक टाकायला सुरुवात केली. तार्रेगाकडे असलेली 1883 ची गिटार 49 क्रमांकाची. त्याच्याकडचीच 1888 ची 114 क्रमांकाची. म्हणजे पहिल्या आठ वर्षांत, भांड्यांचं दुकान सांभाळून, वर्षाला जेमतेम सहा. 1883 मध्ये दुसरी बायको होसेफा वारली, त्यानंतर तो गिटारींकडे अधिक वेळ देऊ लागला, आणि पाच वर्षांत 65 झाल्या, म्हणजे वर्षाला तेरा. महिन्याला एक. एकट्याने हातकाम करणारा आजचा गिटारमेकर यंत्राची करवत आणि जाडी काढायचं यंत्र वापरूनही साधारण इतक्याच करतो. त्यामुळे तेरा हा आकडा त्याच्या क्षमतेची कमाल मर्यादा म्हणायला हरकत नाही.

महिन्याला एक गिटार, आणि त्यातल्या बऱ्याच साध्या सायप्रसच्या, स्थानिक वादकांना परवडाव्यात अशा. यात लाकूड वर्षानुवर्षं वाळत ठेवायचं भांडवल आलं, शहरातलं भाडं आलं, कुटुंब आलं. मोठ्या वादकाचं नाव जोडलेलं असलं तरी त्याने गणित बदलत नाही, कारण मोठा वादक वीस वर्षांत एक गिटार घेतो. तार्रेगाने 1869 ला नेलेली 1864 ची गिटार तशीच सुमारे दोन दशकं वापरली. मागणी वाढली असती तरी तोर्रेस महिन्याला तीन-चार गिटारींचा पुरवठा करू शकला नसता. भांड्यांचं दुकान ही हार नव्हती. रोजचं पोट भांड्यांवर चालवून गिटार हवी तशी बांधायची सोय त्याने करून घेतली, असं दुसऱ्या काळातलं काम पाहून म्हणता येतं. त्या काळात गिटारीचा दर्जा घसरलेला नाही. 19 नोव्हेंबर 1892 ला तो गेला तोवर क्रमांक दीडशेच्या पुढे पोचले होते.

शागिर्द नसताना पद्धत पसरली कशी

दुरुस्तीच्या बाकावरून. चांगली गिटार वाजते, झिजते, तडकते, आणि कुणाच्या तरी दुकानात उघडली जाते. तार्रेगा माद्रिद आणि बार्सिलोनात वावरत होता आणि त्याच्याकडच्या तोर्रेस गिटारी तिथल्या कारागिरांच्या नजरेखालून जात होत्या. माद्रिदला मानुएल रामिरेसने तोर्रेसची प्रमाणं आपल्या दुकानात आणली. त्याच्याकडे सान्तोस एर्नान्देस, दोमिंगो एस्तेसो, मोदेस्तो बोर्रेगेरो काम करत. एन्रिके गार्सिया तिथून बार्सिलोनाला गेला आणि त्याने फ्रान्सिस्को सिंप्लिसिओला तयार केलं. 1912 मध्ये आंद्रेस सेगोव्हिया या तरुण वादकाला रामिरेसच्या याच दुकानातून गिटार मिळाली. लेबल रामिरेसचं, हात सान्तोसचा.

जर्मनीत ही पद्धत वेगळ्या वाटेने पोचली. तार्रेगाचा शिष्य मिगेल ल्योबेत 1859 ची तोर्रेस गिटार घेऊन दौरे करायचा. म्युनिकचा गिटारमेकर हेर्मान हाउजर याला ती जवळून पाहायला मिळाली. सेगोव्हियाची 1912 ची गिटारही त्याने पाहिली. त्यानंतरची त्याची 1937 ची गिटार सेगोव्हियाने पंचवीस वर्षं वाजवली. सेगोव्हियाच्या या दोन्ही गिटारी आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत.

शेवटचा दुवा होसे रोमानियोस. माद्रिदमध्ये जन्मलेला, फर्निचरच्या कामातला माणूस, इंग्लंडमध्ये स्थायिक झाला आणि कुठल्याही गिटारमेकरकडे न शिकता गिटारी बांधू लागला. ज्युलियन ब्रीम या इंग्लिश वादकाने त्याची 1973 ची गिटार वर्षानुवर्षं वाजवली. तोर्रेसच्या हयात गिटारी शोधून, मोजून, त्यांची यादी करण्याचं मोठं काम त्याचं. पहिल्या काळातल्या गिटारींना लोक आज जे क्रमांक लावतात ते त्याच्या यादीतले. सुतारकामातून आलेल्या, गुरू नसलेल्या एका माणसाची पद्धत शंभर वर्षांनी तशाच दुसऱ्या माणसाने वाचून काढली, हे या प्रकरणातलं आम्हाला सर्वांत आवडणारं वळण आहे.

आज तोर्रेसची नक्कल करताना

लाकडाचा प्रश्न आधी. त्याने वापरलेलं ब्राझिलियन शिसवी लाकूड 1992 पासून आंतरराष्ट्रीय व्यापारात जवळजवळ बंद आहे. त्याची जागा आपल्या सह्याद्रीतल्या शिसवाने घेतली, आणि स्पेनमधल्या बहुतेक गिटारमेकरांच्या फडताळात गेली कित्येक वर्षं भारतीय शिसवाच्या पाट्या असतात. 2017 पासून या कुळातल्या सगळ्या लाकडांना परवाना लागू झाला. नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, कच्च्या पाट्यांना मात्र नाही. पण पुठ्ठ्याची गिटार आठवली तर एवढी यातायात कशासाठी, असा प्रश्न पडतो. सायप्रस किंवा मेपलची पाठ घेऊन बांधलेली गिटार तोर्रेसच्या मूळ कामाशी अधिक प्रामाणिक ठरते.

दुसरा प्रश्न हवेचा, आणि कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात बांधणाऱ्याला तो पहिला आहे. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता 50 वरून 80 टक्क्यांवर गेली तर 360 मिमी रुंदीची स्प्रूसची फळी मोकळी असती तर 3 मिमीच्या आसपास रुंद झाली असती. कडा चिकटलेल्या असल्याने ती रुंद होऊ शकत नाही, फुगते. पावसाळ्यात चिकटवलेली तबली नागपूरच्या उन्हाळ्यात तितकीच आकसते, आणि तेव्हा भेग जाते ती घोडीच्या टोकापासून. फुगलेली तबली पुन्हा बसते, तडकलेली सांधावी लागते. म्हणून चिकटवण्याची सगळी कामं 45 ते 50 टक्के आर्द्रतेतच करायची, त्यासाठी बंद खोली आणि आर्द्रता खेचणारं यंत्र हवंच. गिटार वापरणाऱ्यानेही ती पेटीत, आर्द्रतामापकासकट ठेवावी.

तिसरी गोष्ट आराखड्यांची. तोर्रेसच्या कित्येक गिटारींचे मोजमापाचे आराखडे आता मिळतात, आणि नवा माणूस त्यातली जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत उतरवून घेतो. आराखड्यात त्या फळीचा ताठपणा लिहिलेला नसतो. त्यामुळे तबली 3 मिमीवर असतानाच तिचं वजन करावं, दोन टेकूंवर आडवी ठेवून मधे ठरावीक वजन ठेवावं, किती वाकते ते डायल गेजने टिपावं, मग उभी ठेवून तेच करावं. दर दोन-तीन दशांश मिमीला पुन्हा मोजावं आणि आधीच्या चांगल्या निघालेल्या तबलीच्या नोंदीशी ताडून पाहावं. हव्या तेवढी वाकू लागली की थांबावं, मग जाडी 2.2 भरो वा 2.7. पट्ट्या मुद्दाम अर्धा मिमी उंच ठेवून चिकटवाव्यात आणि पाठ बंद करण्याआधी घोडीच्या जागी अंगठ्याने दाबत, थोड्या थोड्या उतरवाव्यात. कडेची जाडी तर देह बंद झाल्यावरही बाहेरून घासून कमी करता येते, म्हणून ती शेवटी करावी, तारा चढवून, ऐकत.